लेडीज डब्यात रुळताना

मुंबईच्या लोकलने रोज जायला लागलं की पहिली चूक पास काढतानाच होते. घर डोंबिवलीला, ऑफिस दादरला, म्हणून नवी मुलगी डोंबिवली–दादर पास काढते. आठवड्याभरात तिला कळतं की सकाळच्या फास्टला, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीला, डोंबिवलीत चढून बसायला मिळत नाही. बसायचंच असेल तर आधी उलट्या दिशेने कल्याणला जायचं आणि तिथून मुंबईची गाडी पकडायची, म्हणजे ‘रिटर्न’ यायचं. पण पास डोंबिवलीपासूनचा असेल, तर डोंबिवली–कल्याण हा तुकडा विनातिकीट ठरतो. टीसीने धरलं की भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. म्हणून रिटर्न येणारीने पास सरळ कल्याणपासूनच काढावा. संध्याकाळीही तोच हिशेब. दादरहून आधी सीएसएमटीला, म्हणजे मुंबईकडच्या शेवटच्या स्टेशनला, जाऊन बसून परत यायची सवय लागणार असेल, तर पास तिथपर्यंत हवा. तिमाही पास मासिकाच्या २.७ पटीत मिळतो, त्यामुळे तो स्वस्त पडतो. पण नोकरी पक्की व्हायची असेल तर पहिले एक-दोन महिने मासिकच बरा.

लेडीज डब्यातल्या मैत्रीबद्दल फार गोड लिहिलं जातं: एकमेकींचे डबे खाणं, गाणी, वाढदिवस. ते सगळं खरं आहे, पण ते नंतरचं. या मैत्रीचा पाया जागेच्या हिशेबात आहे. कोण कुठे उतरते, तिची जागा कुणाला जाते, कोण कुणासाठी उठते, यातून ओळख होते. डब्यातला चांगुलपणा तिथून येतो आणि दादागिरीही तिथूनच येते.

गाडीला इथे नाव नसतं, वेळ हेच नाव. ‘ती आठ चाळीसची’ म्हटलं की पुरतं. तुमची गाडी ठरवताना ऑफिसची वेळ पाहा, पण त्याहून जास्त पाहा गाडी कुठून सुटते ते. कर्जत, कसारा, बदलापूरहून येणारी फास्ट डोंबिवलीला येते तेव्हा दारापर्यंत भरलेली असते. कल्याणहून सुटणारी थोडी बरी. खुद्द डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यांत बसायची थोडी आशा असते, म्हणून त्यांच्यासाठी बायका वीस मिनिटं आधी येऊन उभ्या राहतात.

मग डबा. बारा डब्यांच्या गाडीत बायकांचे डबे एका जागी नसतात. पुढे, मधे, मागे असे विखुरलेले असतात. डब्यावर हिरवे-पिवळे तिरपे पट्टे असतात, प्लॅटफॉर्मवरही त्या जागेची खूण असते. लाल-पिवळे पट्टे फर्स्ट क्लासचे, त्यांत गोंधळ करू नका. बायकांचा फर्स्ट क्लास म्हणजे जेमतेम एका खोलीएवढा तुकडा असतो आणि सकाळी तोही तितकाच भरतो. कुठला डबा धरायचा हे चढायच्या सोयीवरून ठरवू नये, उतरायच्या स्टेशनवरच्या पुलावरून ठरवावं. दादरला तुमच्या बाजूचा पूल मधल्या डब्यासमोर येत असेल आणि तुम्ही पुढच्या डब्यात असाल, तर उतरल्यावर गर्दीतून उलटं चालण्यात पाच मिनिटं जातात आणि पुढची कनेक्टिंग गाडी चुकते. सीएसएमटीला रूळ संपतात आणि बाहेर पडायची वाट गाडीच्या तोंडाशी येते, म्हणून सकाळी मुंबईच्या बाजूचा लेडीज डबा सगळ्यांत जास्त तुंबलेला असतो.

इंडिकेटरवर गाडी बारा डब्यांची की पंधराची ते लिहिलेलं असतं, ते रोज वाचायचं. पंधरा डब्यांची गाडी आली की डब्यांच्या जागा सरकतात आणि नेहमीच्या खांबापाशी उभी असलेली बाई जेन्ट्स डब्यासमोर येते. मग साडी सावरत पळापळ. मधल्या स्टेशनांवर गाडी वीस-तीस सेकंद थांबते, तेवढ्यात पळून दुसरा डबा गाठायचा प्रयत्न करू नये. गाडी सोडावी.

चढायची तयारी गाडी दिसायच्या आत झालेली असावी. पाठीवरची सॅक पोटावर, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिन, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, मोबाइल पर्समध्ये आणि पर्सची चेन अंगाच्या बाजूला. मोकळे केस नकोत. मागचीच्या तोंडावर येतात आणि दिवसाचं पहिलं भांडण तिथेच होतं. लांब पट्ट्याची पर्स दारातल्या खांबात अडकते, माणूस आत आणि पर्स बाहेर अशी गत होते. दाराच्या मधोमध जो खांब असतो त्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने जायचं हे आधी ठरवायचं, खांबासमोर आलात की दोन्ही लोंढे तुम्हाला त्यावर आपटतात. आधी उतरणाऱ्यांना वाट. हे सौजन्य म्हणून नाही, त्या बाहेर पडल्याशिवाय तुम्ही आत जाऊच शकत नाही म्हणून. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. या गर्दीसाठी रेल्वेच्या भाषेत वेगळी संज्ञाच आहे, सुपर डेन्स क्रश लोड.

आत शिरल्यावर नवी बाई दारापाशीच थांबते, कारण तिला उतरायची धास्ती असते. हीच दुसरी चूक. दादर किंवा पुढे उतरायचं असेल तर पॅसेज सोडून बाकांच्या मधे घुसायचं. समोरासमोरच्या दोन बाकांचा एक कप्पा धरा. बाक तिघींचा, बसतात चौघी. म्हणजे एका कप्प्यात आठ जणी बसलेल्या आणि त्यांच्या गुडघ्यांमधे आणखी तीन-चार उभ्या. रिकाम्या होणाऱ्या जागेवर पहिला हक्क या मधल्या उभ्या बायकांचा. पॅसेजमध्ये उभी राहिलेली बाई सीएसएमटीपर्यंत उभीच राहते आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खाते.

मधे उभं राहिलं की विचारायचं, “कुठे उतरणार?” नुसतं स्टेशन विचारून भागत नाही, लगेच पुढचा प्रश्न, “कुणाला सांगितलीय का?” नसेल सांगितली तर “मग मला द्या हं.” एवढ्यावर व्यवहार पक्का होतो आणि तो सहसा मोडत नाही. विचारायचा क्रमही ठरलेला. डोंबिवलीहून निघालेल्या फास्टमध्ये ठाण्याला वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या उतरतात, घाटकोपरला मेट्रोवाल्या, कुर्ल्याला हार्बर लाइनवाल्या आणि बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाणाऱ्या, दादरला वेस्टर्न लाइनवाल्या. घाटकोपरला एवढ्या बायका उतरू लागल्या त्या २०१४ साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून. त्याआधी अंधेरीच्या ऑफिसांत जाणाऱ्या दादरपर्यंत जागा सोडत नसत. म्हणून आधी ठाणेवाली शोधायची, मग घाटकोपरवाली. भायखळ्याला उतरणारीने दिलेला शब्द काही कामाचा नाही.

चौथ्या सीटची वेगळी नीती आहे. चौथी अर्ध्या मांडीवर बसते, पाय पॅसेजमध्ये, एक हात वरच्या कडीला. तिला ‘सरका जरा’ म्हणायचा अधिकार आहे आणि तिघींनी सरकायचं असतं. नाही सरकल्या तर कप्प्यातल्या बाकीच्या बोलतात. आतली उठली की चौथी आत सरकते आणि उभी असलेली चौथी होते. खिडकीची उठली तर खिडकी शेजारणीची, नवीन बसणारीची नाही. नव्या मुली हा क्रम तोडून थेट खिडकीत जातात आणि मग त्यांना कुणी दोन दिवस चौथी सीटही देत नाही.

हे सगळं रोज त्याच गाडीत, त्याच डब्यात, त्याच दाराने करायचं. गाडी बदलत राहिलात तर ओळख होत नाही. साधारण महिन्याभरात चेहरा ओळखीचा होतो. नाव नंतर. आधी तुम्ही ‘कुर्ल्याची बँकवाली’ किंवा ‘निळ्या सॅकवाली’ असता. मग एक दिवस कुणीतरी न विचारता म्हणतं, “ठाण्याला मी उठते, तू बस.” ही ग्रुपमध्ये शिरल्याची खूण. ग्रुपमधल्या बायका जागा अर्धी-अर्धी वाटून घेतात: कल्याणहून बसून आलेली ठाण्याला किंवा घाटकोपरला उठते आणि डोंबिवलीची पुढे बसते. उद्या पाळी उलट येईल असं नाही, कारण डोंबिवलीवालीला देण्यासारखी जागा सकाळी मिळतच नाही. ती परतफेड दुसरीकडे करते, संध्याकाळी लवकर पोहोचून जागा धरते, नाहीतर डब्यात जास्तीचं थालीपीठ आणते. हा हिशेब कुणी लिहीत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात असतो. घेते आणि देत नाही अशी बाई दोन महिन्यांत ओळखू येते. तिला कुणी काही बोलत नाही, फक्त ठाण्याला कुणी उठत नाही.

हाक मारताना ‘ताई’ म्हणावं. पन्नाशीच्या बाईलाही ताईच. ‘काकू’ म्हणण्याचा धोका पत्करू नये, जागा तर जातेच, वर ऐकून घ्यावं लागतं.

आता वाईट बाजू. जुने ग्रुप रुमाल, पर्स, पाण्याची बाटली टाकून जागा धरतात आणि बाहेरची बसली तर चार जणी मिळून तिला उठवतात. याला कुठलाही नियम नाही. रुमालाने जागा धरता येत नाही, बसेल तिची जागा. तरी पहिल्या आठवड्यात एकटीने हा वाद घालण्यात अर्थ नसतो, दोन कप्पे पुढे जावं. रिटर्न येणाऱ्यांवर कल्याणच्या बायकांचा राग असतो, कारण त्या रांगेत उभ्या असतात आणि गाडी आधीच अर्धी बसून आलेली असते. वेस्टर्नला हेच नालासोपारा आणि विरारमध्ये चालतं, शिवाय विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरू पाहणारीला दारापर्यंत जाऊ दिलं जात नाही. दोन्ही बाजूंचं ऐकलं तर दोन्ही बरोबर वाटतात. गाड्या कमी आणि बायका जास्त, एवढंच त्याचं कारण. बायकांसाठी आख्खी गाडी द्यायची सुरुवात ५ मे १९९२ रोजी वेस्टर्नवर चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशलने झाली. तिच्यात ग्रुप जास्त टिकाऊ असतात, कारण ती चुकली की तशी दुसरी लगेच मिळत नाही आणि त्यामुळे सगळ्याच वेळ पाळतात.

उतरायची तयारी एक स्टेशन आधी नव्हे, फास्टमध्ये दोन स्टेशनं आधी. दादरला उतरायचं तर घाटकोपर सुटलं की उठायचं, पुढचीला विचारायचं, “दादर?” ती हो म्हणाली की तिच्या मागे लागायचं, नाही म्हणाली की जागा अदलाबदल करायची. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हे माहीत नसेल तर विचारण्यात कमीपणा नाही. चुकीच्या दारापाशी उभी राहिलेली बाई पुढच्या स्टेशनला जाते.

संध्याकाळी सीएसएमटीला रिकामी गाडी येते तेव्हा ती थांबायच्या आत उडी मारून शिरणाऱ्या असतात. यात पडून लागलेल्या बायका प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतील. त्यापेक्षा मस्जिद किंवा भायखळ्याला सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत चढून बसून यावं, पास असेल तर. दादरहून सुटणाऱ्या लोकल हा दादरवाल्यांचा खरा आधार. कुर्ला आणि घाटकोपरला संध्याकाळी चढणं सगळ्यांत कठीण. तिथल्या बायका एखादी स्लो पकडून ठाण्यापर्यंत येतात आणि पुढचं पुढे बघतात.

परतीच्या गाडीत हात रिकामे नसतात. मेथी निवडणं, गवार मोडणं, लसूण सोलणं, मटार सोलणं. मेथी सर्वांत सोयीची, कारण काड्या पिशवीत राहतात. त्यासाठी दोन पिशव्या लागतात, एक निवडलेल्याची, एक कचऱ्याची. टरफलं बाकाखाली टाकणाऱ्या आहेत आणि त्यांना ओरडणाऱ्याही आहेत. शेजारणी न विचारता मूठभर शेंगा घेऊन मोडायला लागतात. ठाणे येईपर्यंत पाव किलो गवार चौघींत सहज संपते. चिरायचं काम मात्र नको. सुरी गाडीत काढायची नाही, हादऱ्यात बोट जातं.

क्लिपा, पिना, टिकल्या, कानातली, नेलपेंट, कुर्ते विकणाऱ्या बायका-मुली आकड्यांना माल टांगत येतात. विनापरवाना विक्री हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे पोलीस दिसले की माल एका मिनिटात गुंडाळला जातो, कधी ओळखीच्या बाईच्या मांडीवर ठेवला जातो. रोजची विकणारी उधार देते, कानातलं तुटलं तर बदलून देते. कुर्ता घेताना शिवण आणि काखेतला जोड तपासा, डब्याच्या उजेडात रंग फसवतो.

भिशी हा ग्रुपचा सर्वांत गंभीर भाग. समजा बारा जणी, महिन्याला दोन हजार, म्हणजे दर महिन्याला एकीला चोवीस हजार. तारीख पगारानंतरची, सात ते दहा यांमधली. चिठ्ठ्या एकदाच काढून वर्षाचा क्रम लावला तर जिला शाळेची फी किंवा लग्न आहे ती आधीच अदलाबदल करू शकते. दर महिन्याला चिठ्ठी काढली तर मजा जास्त, नियोजन कमी. बुडते कुठे, तर सुरुवातीला पैसे उचललेली नोकरी सोडते आणि गाडीत दिसेनाशी होते. म्हणून जुने ग्रुप नव्या बाईला पहिल्या वर्षी घेत नाहीत, घेतली तर शेवटचे नंबर देतात. कंत्राटी नोकरीवालीलाही तसंच. भिशी चालवणारीने वहीत सही घ्यावी, फक्त मेसेजवर विसंबू नये. यूपीआय आल्यापासून गाडीत रोख मोजणं बंद झालं हे फार बरं झालं. पूर्वी पाकीट दारापाशी हातातून हातात जायचं आणि तेवढ्यावर लक्ष ठेवणारे होतेच.

सण कप्प्यात नाही, आख्ख्या डब्यात होतात. संक्रांतीनंतर हळदीकुंकू, वाण म्हणून काहीतरी सपाट आणि न फुटणारं, कारण ते ऑफिसात नेऊन परत घरी आणायचं असतं. नवरात्रात पेपरात येणाऱ्या रंगांच्या साड्या. डोहाळजेवणही गाडीत होतं, फुलांचे दागिने घालून. पण गरोदर बाईने रोज या गर्दीत यावं असं कुणी मानत नाही. तिला दिव्यांगांच्या डब्यातून जायची परवानगी आहे, डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा आणि संकोच करू नये.

दसऱ्याची सजावट मुख्य. ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते, कारण दसऱ्याला ऑफिसं बंद. काम गाडी जिथून सुटते तिथल्या बायकांकडे, त्यांना गाडी उभी असलेली तेवढी मिनिटं मिळतात. माळा आदल्या रात्री घरी ओवून मापाच्या करून आणायच्या, डब्यात फक्त बांधायच्या. सेलोटेप नको, दोरा घ्या. टेप घामट हवेत सुटतो आणि डाग सोडतो. साखळी, गार्डशी बोलायचं बटण, पंखे आणि खिडक्यांची शटर यांवर काही बांधायचं नाही. कापूर, निरांजन, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. मोटरमनला नारळ आणि पेढे सुटायच्या स्टेशनवरच द्यायचे, मधल्या स्टेशनावर त्याला वेळ नसतो. आणि हौसेने स्टिकर लावू नका: तीच गाडी दिवसभर दुसऱ्या फेऱ्या करते, उद्या तुमच्या वेळेला दुसरीच येते.

पावसाळ्यात ग्रुपचा खरा उपयोग. सायन, कुर्ला, चुनाभट्टीला रुळांवर पाणी चढलं की गाड्या रांगेने उभ्या राहतात. लोकलमध्ये शौचालय नसतं, हे लक्षात ठेवून अशा दिवशी पाणी घोट-घोट प्यावं पण सोडू नये. प्रत्येकीकडे चिवडा किंवा बिस्किटं, एक पॉवर बँक, ओली छत्री ठेवायला प्लास्टिकची पिशवी. कुणाचं घर कुठल्या स्टेशनजवळ आहे ते ग्रुपला माहीत असावं. अडकलेल्यांना रात्री तिथे नेता येतं. गाडीतून रुळावर उतरायचा निर्णय एकटीने घेऊ नये. ‘गाडीने ठाणं सोडलं’, ‘दहा मिनिटं लेट’ असे निरोप व्हॉट्सॲपवर आणि एम-इंडिकेटर ॲपच्या चॅटवर फिरतात. चॅटमधल्या अफवांपेक्षा पुढच्या स्टेशनावर उभ्या असलेल्या मैत्रिणीचा मेसेज खरा. रात्री उशिराच्या गाडीत रिकाम्या लेडीज डब्यात एकटीने बसू नये, जिथे पोलीस आहे त्या डब्यात बसावं. रेल्वेचा १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हे दोन नंबर मोबाइलमध्ये असावेत. दारात किंवा खिडकीत मोबाइल धरून बोलू नये. रुळांकडेला उभे असलेले हातावर फटका मारून मोबाइल पाडतात.

२०२० साली मार्चमध्ये लोकल थांबल्या, जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी सुरू झाल्या आणि २१ ऑक्टोबरपासून सर्व बायकांना सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर प्रवास करता येऊ लागला. त्या काळात कित्येक ग्रुप विस्कटले. आता आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जाणाऱ्या मुली आहेत आणि त्यांच्यामुळे जागेचा जुना हिशेब बसत नाही. मंगळवार-बुधवारी कप्पा ओसंडतो, शुक्रवारी खिडकीसुद्धा मिळते. काही ग्रुपनी आदल्या रात्री ‘उद्या कोण कोण’ असं विचारायला सुरुवात केली आहे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी तसं कळवावं, म्हणजे तुमच्यासाठी ठाण्याला उठणारी दुसरीला शब्द देऊ शकते. ऑफिसची वेळ बदलली तर गाडी सुटते आणि नव्या गाडीत पुन्हा मधे उभं राहून “कुठे उतरणार?” पासून सुरुवात करावी लागते. जुन्या ओळखीचा तिथे उपयोग नाही. भिशीचे उरलेले हप्ते मात्र ठरल्या तारखेला भरायचेच.